नव्वद फुटांची चोरी

“आबा, फक्त दहा मिनिटं. मी चहा पिते आणि लगेच येते.”

हे बोलणारा इसम सहा फूट चार इंच उंच होता. चामड्याची अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, दाढीत रात्रभराचं दव. नाव कोर्बिनियान. मराठी तो माझ्या मुलीचं ऐकून ऐकून शिकला होता, त्यामुळे कधी ‘येतो’ म्हणत नसे, ‘येते’च म्हणे. हेमांगीने दोन वर्षांत त्याला पाढेसुद्धा शिकवले, तेवढं एक सांगायचं राहिलं. किंवा मुद्दाम ठेवलं असेल. मुलगी शेवटी माझी.

“जा रे बाबा,” मी म्हणालो. “दहा कशाला, वीस मिनिटं घे. मी बसतो इथे. उभा जन्म खांबाजवळ गेला माझा.”

“पण कोणी आलं तर...”

“आलं तर बघून घेईन.”

तो दोन पावलं गेला, परत आला, खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुपाचा वास आला आणि त्याच्या पायांनीच निर्णय घेतला.

ही गोष्ट जर्मनीतल्या बव्हेरियाची, वाइडेनलोह नावाच्या गावची, आणि आता तिला सोळा वर्षं झाली. गाव केवढं? बावन्न घरं, एक चर्च, एक बिअर पिण्याची जागा, आणि गाईंच्या गळ्यात घंटा एवढ्या मोठ्या की आमच्या फैजपूरच्या शाळेला पुरल्या असत्या. एप्रिल संपत आला होता. सफरचंदाची झाडं पांढरी फुलून गेलेली, पलीकडे मोहरीसारखी पिवळीधमक शेतं, आणि त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर, जणू कोणी उन्हाळा आणि हिवाळा एकाच ताटात वाढून ठेवलाय.

आणि कोर्बिनियानच्या अंगणात, लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला तो खांब. नव्वद फूट! एकाच झाडाचं खोड, सोलून गुळगुळीत केलेलं, बुडापासून शेंड्यापर्यंत निळ्यापांढऱ्या पट्ट्यांची वेलांटी. एक मे रोजी तो गावाच्या चौकात उभा करायचा, की वसंत आला म्हणून सगळ्यांनी नाचायचं. दर पाच वर्षांनी नवा खांब. यंदाचं झाड कोर्बिनियानच्या वडिलांच्या, म्हणजे अलोइसच्या रानातलं होतं आणि राखणीची जबाबदारी कोर्बिनियानवर होती. राखण कशासाठी, हे मी विचारलं नाही. आपल्याकडेही गणपतीच्या मांडवात कोणीतरी झोपतंच. “पोरं येतील, उचलतील,” एवढंच कोर्बिनियान मला म्हणाला होता. कोणत्या दिवशी येतील हेही म्हणाला असणार, पण मी तेव्हा खांब मोजत होतो.

मी वीज मंडळात चौतीस वर्षं लाइनमन होतो. यावल, रावेर, सावदा, फैजपूर ह्या पट्ट्यात जो खांब सरळ दिसेल तो कौतिक भारंब्याने रोवलेला, वाकडा दिसेल तो माझ्यानंतरच्यांनी. आदल्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी तापीच्या पुरातून खांब नेल्याची हकिगत सांगितली होती. पुढे मी, मागे बारा जण, पाणी छातीला लागलं, आणि एकदम भार हलका झाला म्हणून वळून पाहतो तर मागचं टोक मगरीने खांद्यावर घेतलेलं. हेमांगी भाषांतर करता करता थांबली आणि म्हणाली, “आबा, मगरीला खांदा नसतो.” अलोइसने मात्र उठून माझा हात हातात घेतला होता. भला माणूस.

असो. वसंत ऋतू बघायला युरोपला चाललो, असं मी फैजपुरात सगळ्यांना सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की सुलोचना, माझी बायको, लेक परत आणायला निघाली होती, आणि मी तिचं सामान उचलायला. हेमांगी म्युनिकला नोकरी करत होती आणि तिला ह्या कोर्बिनियानशी लग्न करायचं होतं. धंद्याने सुतार. सुलोचनाच्या बॅगेत, कुरडयांच्या डब्याखाली, भुसावळच्या एका इंजिनिअरचा फोटो होता. मायलेकींचा करार झाला होता. “पंधरा दिवस राहा, त्याला पाहा,” हेमांगी म्हणाली होती. “त्यानंतर तू मनापासून नाही म्हणालीस तर मी लग्न करणार नाही.” त्या दिवशी नववा दिवस होता, आणि सुलोचनाचं मत आठव्या दिवसापर्यंत असं होतं: “उंची सोडली तर काय आहे त्याच्यात?”

सुलोचना सावद्याच्या केळीदलालाची मुलगी. घडाकडे नुसतं पाहून तिचे वडील वजन सांगत. तिची नजर तीच, फक्त ती माणसांचं सांगते.

त्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती, आमच्या खानदेशातला वर्षाचा सण. विमानाने झोप उलटीपालटी केलेली, म्हणून सुलोचना चारलाच उठून पुरण घालत होती. पोळ्या भाजायचं मातीचं खापर विमानात कोण येऊ देणार? तिने अलोइसच्या बायकोची सगळ्यांत मोठी कढई चुलीवर उपडी घातली आणि त्यावर सुपाएवढ्या पोळ्या टाकू लागली. म्हणून मी मफलर आणि माकडटोपी घालून बाहेर आलो आणि खांबाच्या बुंध्याशी बसलो. कोर्बिनियान आत गेला. धुक्यात गाव गडप झालं होतं.

पाच मिनिटं झाली असतील. ट्रॅक्टरचा आवाज आला, पण कसा, जणू ट्रॅक्टर चवड्यांवर चालतोय. मग धुक्यातून एकामागून एक चौदा पोरं बाहेर आली. मला पाहिलं आणि जागच्या जागी गोठली.

मी उठून उभा राहिलो. “गुटन मॉर्गन!”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या लाल दाढीवाल्याने हळूच टोपी काढली. “मॉर्गन,” तो म्हणाला, आवाज असा की जणू मी झोपेत आहे आणि त्याला मला उठवायचं नाही.

आली बुवा उचलणारी पोरं, असं मी मनात म्हटलं. “कम, कम,” मी म्हणालो. “नो प्रॉब्लेम.”

आणि ती खांबाला भिडली. अरे देवा! चौदाच्या चौदा बुंध्याशी. नव्वद फुटांचा खांब आणि शेंड्याला कोणी नाही! चौतीस वर्षांत माझ्यासमोर असा खांब कोणी उचलला नव्हता, आणि परदेशात आलो म्हणून मी बघत बसणार होतो का?

“थांबा रे!” मी काठी आपटली. “बुडाशी सहा. मधे पाच. शेंड्याला तीन. ए लाल दाढी, तू मधे. तू ताकदीचा आहेस.” बोटांनी दाखवलं, खांद्याला धरून उभं केलं. खांबाची भाषा सगळ्या मुलखात एकच असते. मग मी बुंध्यावर दोन्ही हात ठेवले आणि आरोळी दिली, “मार...”

चौदा बोटं चौदा ओठांवर गेली. “श्श्श!”

मला भरून आलं. किती सुसंस्कृत लोक! शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून केवढी काळजी! मी आवाज खाली आणला आणि कुजबुजलो, “मार हैय्या.” ती चौदा पोरं कुजबुजली, “मार हैय्या.” आणि खांब असा उचलला गेला की घोड्यांनासुद्धा कळलं नाही आपण मोकळे झालो.

खांब दोन चाकगाड्यांवर बसवला, पुढे ट्रॅक्टर जोडला. खरी कसोटी चर्चच्या वळणावर होती. एका बाजूला दगडी हौद, दुसऱ्या बाजूला खिडकीत फुलांच्या कुंड्या, आणि मधून नव्वद फूट वळवायचे. लाल दाढीवाला ट्रॅक्टरवरून पुढे बघत होता. पुढे बघून काय होतंय! लांब खांब शेपटीकडचा माणूस चालवतो. मी शेपटीला गेलो, छाती लावली. “डावीकडे दाब. आणखी. आता सोड. सोड रे!” तेवढ्यात डोंगरामागून सूर्य निघाला आणि थेट माझ्या डोळ्यांत आला. डोळे मिटून वळवला मी तो खांब. एक पाकळी पडली नाही. कुंडीवर एक मधमाशी बसली होती, तीसुद्धा तशीच बसून राहिली.

पोरांनी मला उचलून ट्रॅक्टरवर बसवलं. पिवळ्या शेतांमधून चार किलोमीटर गेलो. वेस ओलांडल्याबरोबर सगळ्यांनी असा काही जल्लोष केला की गाई पळाल्या. मला कोणीतरी सकाळी सातला बिअर दिली. लाल दाढीवाल्याने छातीवर बोट ठेवून सांगितलं, “लुडविग.” मी सांगितलं, “कौतिक.” मग चौदा जणांनी मला “काउटिक! काउटिक!” म्हणून डोक्यावर घेतलं. दुसऱ्या गावात जाऊन आम्ही खांब एका मोठ्या कोठारात ठेवला. खांब ह्या गावचा आणि जत्रा त्या गावाला, ह्याचं मला काही वाटलं नाही. आपल्याकडेही देव एका गावचा आणि यात्रा दुसऱ्या गावाला भरते. त्यांनी माझ्या माकडटोपीवर पिसाची हिरवी टोपी चढवली, फोटो काढले, आणि दुधाच्या गाडीत बसवून मला परत पाठवलं.

वाइडेनलोहला उतरलो तो काय! अंगणात अख्खं गाव. रिकामे घोडे. अलोइसचा चेहरा बिटासारखा. आणि मधोमध मान खाली घालून कोर्बिनियान, गालावर पुरणाचा डाग.

“काय झालं गं?” मी हेमांगीला विचारलं.

“आबा, खांब चोरीला गेला!” ती रडकुंडीला आली होती. “क्रोटनबाखच्या पोरांनी नेला. इथे तशी रीतच आहे. एक मेच्या आधी एकमेकांचे खांब पळवायचे. पोलिसात कोणी जात नाही. पण मग बिअर आणि जेवण देऊन सोडवून आणावा लागतो, आणि पुढचा खांब येईपर्यंत पाच वर्षं सगळा मुलूख हसतो. मागच्या वेळी अलोइसकाकांच्या राखणीतून गेला होता. आणि ह्या वेळी कोर्बी...”

मी डोक्यावरच्या हिरव्या टोपीला हात लावून पाहिला.

सुलोचना पीठभरल्या हातांनी पुढे आली होती. नऊ दिवसांत पहिल्यांदा ती त्या पोराशी थेट बोलली. “झोपला होता का तू?”

“हो,” कोर्बिनियान म्हणाला. “मी झोपली.”

“मग खांबापाशी कोण होतं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “कोणी नाही.”

“खोटं!” मी ओरडलो. “मी होतो! मीच उचलून दिला खांब! बुडाशी सहा, मधे पाच, शेंड्याला तीन!”

“झालं ह्यांचं सुरू,” सुलोचना म्हणाली.

“अगं, ही टोपी बघ! चोरांनीच दिली!”

“आबा, प्लीज,” हेमांगी दबक्या आवाजात म्हणाली. “आत्ता नको. काल मगर झाली तेवढी पुरे.”

मी अलोइसकडे वळलो. “आय... पोल... गो,” असं म्हणत हातांनी नव्वद फूट दाखवले. तो बिचारा माझ्या खांद्यावर थोपटून डोळे पुसू लागला. त्याला वाटलं मी सांत्वन करतोय. मी परत तोंड उघडलं तर कोर्बिनियानने भुवया इतक्या जोरात हलवल्या की गालावरचं पुरण खाली पडलं. गप्प राहा, असं सांगत होता.

साठ वर्षांत मी एकदा खरं बोललो आणि विश्वास ठेवणारी माणसं मिळाली नाहीत!

“ज्याले एक लाकूड सांभाळता येत नाही,” सुलोचना घराकडे वळत म्हणाली, “तो माझी पोर काय सांभाळणार? हेमा, विमानाचं बघून ठेव.”

हेमांगी रडली असती तर बरं झालं असतं. ती जाऊन रिकाम्या घोड्यावर बसली आणि कोर्बिनियान दुसऱ्या घोड्यावर, मधे नव्वद फूट काहीच नाही.

दुपारी क्रोटनबाखची मंडळी खंडणी ठरवायला बिअरच्या जागेत येणार होती. अलोइस आणि कोर्बिनियान निघाले. सुलोचनाने साडी बदलली.

“तू कुठे?” मी विचारलं.

“भाव ठरणार आहे ना? मग मी घरात बसून काय करू?”

बिअरच्या त्या जागेची मालकीण क्रेसेन्स नावाची ब्याऐंशी वर्षांची म्हातारी होती. माहेर क्रोटनबाख, सासर वाइडेनलोह, म्हणून दोन्ही गावांत तिचा शब्द शेवटचा. लांब टेबलाच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला लुडविग आणि चार पोरं. मी अलोइसच्या मागे बसलो. अलोइसच्या मागे बैलगाडीसुद्धा लपली असती.

लुडविगने कागद उघडला आणि वाचलं. हेमांगीने भाषांतर केलं. “दोनशे लिटर बिअर, अख्खं डुक्कर भाजून, आणि चाळीस माणसांचं जेवण.”

“डुक्कर कशाले?” सुलोचना म्हणाली. “भरीत करते म्हणावं. डुक्कर विसरून जातील.”

“आई, ही रीत आहे इथली...”

“सांग तर. अन् चाळीस माणसं खांब घेऊन गेले होते का? चौदा होते. चौदांचं बोला.”

चौदा हा आकडा तिला कुठून कळला, हे त्या गडबडीत माझ्या लक्षात आलं नाही. लुडविग हसत हसत मागे रेलला, आणि रेलता रेलता अलोइसच्या कानामागून त्याला माझी हिरवी टोपी दिसली.

खुर्ची पडली. लुडविग उभा. पाचही पोरांच्या टोप्या हातात.

“माइस्टर काउटिक!” तो गरजला, आणि मग पाच जण एका सुरात, खिडक्या हलतील असे: “मार हैय्या!”

सगळे माझ्याकडे वळले. लुडविग आता हातवारे करत सांगत होता, हेमांगी भाषांतर करत होती आणि करता करता तिचा आवाज वर वर जात होता. “तो म्हणतोय, असा उस्ताद त्यांनी जन्मात पाहिला नाही. तो म्हणतोय, आबांनी... आबा! तुम्ही त्यांना उचलायला शिकवलंत? चर्चच्या वळणावर तुम्ही...? आबा!”

“मी सकाळपासून तेच सांगतोय!”

अलोइसने मुलाला काहीतरी विचारलं, जड आवाजात. कोर्बिनियानचे कान लाल झाले. त्याने उत्तर मात्र मराठीत दिलं, सुलोचनाकडे बघून. “आबा पाहुणे आहे. आणि जागा मी सोडली होती.”

सुलोचना नखाने टेबलावरचा बिअरचा डाग खरवडत बसली.

लुडविगला आता राहवेना. तो डोळे पुसत हसत होता. हेमांगीने सांगितलं, “तो म्हणतोय, त्यांना फक्त एका गोष्टीची भीती होती. खांब वेशीबाहेर जायच्या आत त्या गावच्या कोणीही नुसता हात ठेवला तरी चोरी रद्द. खांब तिथेच टाकून जायचं. आणि इथे तर पूर्ण वेळ हात होता, पण पाहुण्याचा!”

पोरं टेबल बडवून हसली. सुलोचनाचं नख थांबलं.

“हेमा, परत सांग. एक शब्द गाळू नको.”

हेमांगीने परत सांगितलं. सुलोचना माझ्याकडे वळली. “तुमचा हात होता खांबावर?”

“होता.”

“एक का दोन?”

“दोन. वळणावर, सूर्य डोळ्यांत घेऊन, छातीसुद्धा.”

“वेशीच्या आत?”

“वेशीच्या आत काय, चर्चच्या पुढ्यात!”

“विचार ह्यांना, गावचं माणूस म्हणजे कोण?”

सगळ्यांनी क्रेसेन्सकडे पाहिलं. म्हातारीने काठी मांडीवर घेतली. “इथे जन्मला तो. इथे लग्न होऊन आली ती.”

“अन् तिचा बाप?”

लुडविग काहीतरी बोलायला गेला. म्हातारीने काठीचं टोक त्याच्याकडे केलं आणि तो बसला. “माझं लग्न झालं त्या वर्षी माझे वडील इथे राहायला आले होते,” ती म्हणाली. “क्रोटनबाखचे ते, आणि क्रोटनबाखचीच पोरं खांब न्यायला आली. वडिलांनी हात ठेवला. त्यांच्या गावाने सहा महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण खांब इथेच राहिला. मुलगी जिथली, बाप तिथला.”

“बस झालं मग,” सुलोचना म्हणाली.

लुडविगने हात पसरले. हेमांगीने अगदी हळू आवाजात भाषांतर केलं, टेबलाकडे बघत. “तो म्हणतोय... पण ह्यांची मुलगी इथे दिलेलीच नाही.”

“कोण म्हणतं?”

हेमांगीचं तोंड उघडंच राहिलं. भाषांतर करायचं तिला सुचेना. शेवटी कोर्बिनियान उभा राहिला, एकदा अडखळला, आणि ते दोन शब्द त्यानेच जर्मनमध्ये सांगितले. अलोइसच्या हातातला पेला टेबलावर आडवा झाला आणि तो कोणी उचलला नाही.

लुडविग मात्र पक्का. “कधी ठरलं?”

“आज.”

“आज कधी? चोरी तर सकाळी झाली!”

“आज आखाजी,” सुलोचना म्हणाली, सावद्याच्या बाजारात तिचे वडील बोलत तशी, एकेक शब्द तागडीत ठेवत. “वर्षात साडेतीन दिवस असे असतात की पंचांग उघडावं लागत नाही. आख्खा दिवस मुहूर्त. सूर्य उगवला की सुरू. खांब चर्चपाशी होता तेव्हा सूर्य ह्यांच्या डोळ्यांत होता. विचार त्या दाढीवाल्याले, होता का नव्हता?”

लुडविगने आठवून पाहिलं. त्याचा चेहरा पडला. मग तो इतक्या जोरात हसला की त्याच्या पोरांना वाटलं, ते जिंकले. क्रेसेन्सने काठी तीनदा आपटली. चोरी रद्द!

पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण अलोइसने मला उचललं होतं. हेमांगी आईच्या गळ्यात पडून हसत होती आणि हुंदके देत होती. खंडणी माफ झाली, आणि त्या आनंदात अलोइसने खंडणीपेक्षा जास्त बिअर स्वतःहून दोन्ही गावांना पाजली. डुक्कर विस्तवावर फिरत राहिलं, पण भरीत आधी संपलं. कोणी काही म्हणो, मी बघितलंय.

संध्याकाळी उन्हं पिवळ्या शेतांवर आडवी पडली असताना क्रोटनबाखच्या पोरांनी खांब परत आणला. पुढे पितळी बाजा, मागे दोन गावं. मी शेपटीला, हात खांबावर. सुलोचना माझ्या शेजारून चालत होती.

“खरं सांग,” मी म्हणालो. “भाव करता करता तोंडातून निघून गेलं ना?”

“माझ्या तोंडून कधी काही निघून गेलं का?”

“मग?”

“खिडकीतून दिसून राहिलं होतं मले सगळं. पोरगा माझ्यासमोर ताटाशेजारी डोकं ठेवून घोरत होता, अन् बाहेर तुम्ही त्या चौदांले कवायत शिकवून राहिले.”

मी थांबलो. खांब माझ्याशिवाय दोन पावलं गेला. “आणि हाक नाही मारलीस?”

“मले काय मालूम ते चोर आहेत! मले वाटलं, आज हे काहीतरी कामाचं करून राहिले.”

“आणि मी सगळ्यांसमोर खरं सांगत होतो तेव्हा?”

“तेव्हा मी त्याच्याकडे पाहून राहिली होती. कोण होतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, कोणी नाही. धड खोटंही बोलता येत नाही त्याले. तरी बोलला. मी विमानाचं काढलं, तरी तुमचं नाव नाही घेतलं त्याने. तुम्ही आपलं खरं मधे घालून त्या पोराचं खोटं वाया घालवत होते.” तिने खांबाच्या रंगावरून एक बोट फिरवलं. “जन्मभर खोटं ऐकलं मी तुमचं. सगळं स्वतःले मोठं करायले. दुसऱ्यासाठी कोणी बोललेलं आज पाहिलं.”

मी परत खांबावर हात ठेवला.

तेवढ्यात पुढून कोर्बिनियान आला, आमच्याकडे तोंड करून उलटा चालत, हात उंचावून काहीतरी ओरडत, घामाने आणि हसण्याने चमकत. वर्षानुवर्षं जे मी फक्त माझ्या सासूबाईंना माझ्यासमोर करताना पाहिलं होतं, ते सुलोचनाने केलं. आमच्याकडे सासू जावयासमोर डोक्यावरून पदर घेते. तिने पदर डोक्यावर ओढला, नीट कानामागे खोचला, आणि नजर खाली करून मला म्हणाली, “जावईबुवांना म्हणावं, पुढे बघून चाला. मागे खड्डा आहे.”